पापडखाराचा डबा

"तिथं गेल्यावर मला मावशी म्हणायचं," आई म्हणाली.

एसटीनं कराड मागे टाकलं होतं. आईनं हे माझ्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत सांगितलं.

"का?"

"का म्हणजे? पुण्याच्या डॉक्टरांनी या खेपेला घरातलं माणूस घेऊन या म्हटलंय. मी सांगणार, घरात कुणी न्हाई, शेजारची पोरगी सोबतीला आणलीय. तू नुसती मावशी म्हण. जास्त बोलू नको."

"आई, तिथं येणारे सगळे त्याच दुखण्याचे असतात. कोण कुणाला सांगायला जातंय?"

"मागच्या खेपेला मिरजेच्या बाईला कागलच्या अक्कानं ओळखलं. दोघी एकाच गावच्या माहेरवाशिणी निघाल्या. जग लहान हाय, हेमा." मग थोडं थांबून म्हणाली, "विट्याच्या लोकांची बहीण पुण्यातच राहती. दवाखान्यातबिवाखान्यात असली तर?"

विट्याचे लोक मला नुकतेच बघून गेले होते. कांदेपोहे खाऊन, माझ्या एम.ए.च्या विषयाची चौकशी करून, 'कळवतो' म्हणून गेले होते. आईचं सगळं लक्ष त्या निरोपाकडे लागलं होतं. स्वतःच्या रक्ताच्या तपासणीकडे तेवढं नव्हतं.

वडील त्याच्या सहा वर्षं आधी गेले होते. आमच्या तासगावात सगळ्यांना माहीत आहे की ते टीबीनं गेले. टीबी होताच. त्याच्या मुळाशी एचआयव्ही होता, आणि तो आईला त्यांच्याकडून आला, हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. माझी तपासणी झाली तेव्हा मला काही नाही असं कळलं, आणि आई प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून रडली. त्याआधी आणि त्यानंतर ती त्या आजारासाठी माझ्यासमोर कधी रडली नाही. सरकारी गोळ्या तिला काही वर्षं लागू पडल्या. मग बंद पडल्या. दुसऱ्या प्रकारच्या दिल्या, त्याही हळूहळू चालेनाशा झाल्या. तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी तिला पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पाठवलं. तिथं एका नव्या औषधाची माणसांवर चाचणी चालू होती. दुकानात ते मिळत नव्हतं, कुठल्याच दुकानात. आई त्याला 'पुण्याची गोळी' म्हणायची. ती लागू पडली नाही तर पुढं काय, हे मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

संस्थेची इमारत जुनी आणि स्वच्छ होती. बाहेरच्या हॉलमध्ये बाकांवर बायका बसलेल्या, बहुतेकींचा पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. एक जाड बांध्याची बाई आईला बघून सरकली.

"ये मालन. ही कोण? तुझ्याच नाकाची दिसती."

"शेजारची हाय, अक्का. एकाच आडाचं पाणी पितो, म्हणून दिसत असंल."

कागलच्या अक्का तोंडावर पदर घेऊन हसल्या. "मग आमच्या आडात काय पडलंय कुणास ठाऊक. सगळी पोरं नकटी."

आई त्यांच्याशेजारी टेकली. मी पिशवीतून बाटली काढली.

"मावशी, पाणी देऊ?"

मला वाटलं होतं, जीभ अडखळेल. अडखळली नाही. तिथं येणारेजाणारे सगळेच तिला मावशी म्हणत होते, शिपाई, नर्स, रक्त घेणारा मुलगा. मी त्यांच्यातली एक झाले. आईनं पाणी घेतलं आणि माझ्याकडे एका परक्या बाईनं बघावं तसं, नीट हसून बघितलं. मला हलकं वाटलं. त्या हॉलमध्ये बसलेल्या कुणाचीच मी कुणी नव्हते.

आतल्या खोलीत डॉक्टर आठल्ये होते. हडकुळे, केस पांढरे, पायांत साध्या चपला. टेबलाच्या कडेला तांबोळी मॅडम बसल्या होत्या. बायकांशी बोलायचं, समजवायचं, घरची चौकशी करायची हे काम त्यांचं. टेबलावर आईनं परत आणलेल्या रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या.

"ह्या कोण?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघत विचारलं.

"शेजारची मुलगी. घरात कुणी न्हाई माझ्या."

"बरं. पोरे बाई, तुम्ही वेळेवर येता. बाटल्या रिकाम्या आणता. पण तुमच्या रक्तात औषध जेवढं दिसायला पाहिजे त्याच्या जवळपासही दिसत नाही, आणि विषाणू वाढतोय. मला सरळ सांगा. गोळ्या कोण खातं?"

"मीच खाते की."

"मावशी, रागवायचं नाही," तांबोळी मॅडम म्हणाल्या. "काही जणी नवऱ्याला देतात. कुणी दिराला, कुणी भावाला. त्याला मिळत नाही, म्हणून आपल्यातली देतात. आम्हाला समजतं ते. फक्त खरं सांगा."

"माझा नवरा वर जाऊन सहा वर्षं झाली. तिकडं पोचवू का गोळ्या?"

डॉक्टर हसले नाहीत.

"ठेवता कुठं?"

"बाटलीत. कपाटात. तुम्ही सांगितलं तसंच."

मी आईच्या हातांकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती.

तिच्या गोळ्या कपाटात नव्हत्या. हे मला त्याच वर्षी कळलं होतं. आमचं घर दोन भागांत विभागलेलं, पलीकडच्या भागात काका आणि रत्नाकाकी. आईचा धंदा साड्यांना फॉल-पिको करण्याचा. मशीन पुढच्या खोलीत, आणि बायका दिवसभर आतबाहेर. कुणी पाणी प्यायला सरळ स्वयंपाकघरात जायची, कुणी कपाटातली आपली साडी स्वतःच काढून घ्यायची. एकदा रत्नाकाकीनं दारातून हाक मारली, "हेमा, चिमूटभर पापडखार दे गं, माझा संपला." मी फळीवरून डबा काढला आणि झाकण उघडलं. पापडखाराला ओल सुटून तो घट्ट झाला होता. त्यात मलमलच्या चिंधीची पुरचुंडी रुतवलेली होती. आई मशीनवरून धावत आली आणि माझ्या हातातून डबा ओढून घेतला. काकी गेल्यावर तिनं पुरचुंडी सोडून दाखवली. गोळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या.

"हा डबा कुणी उघडत न्हाई," ती म्हणाली. "वर्षातनं एकदा, पापडाच्या दिवसांत. तेव्हा मी काढून ठेवते."

"पण आई, ह्या पिवळ्या पडल्यात."

"गोळी ती गोळीच. पोटात गेल्यावर कुणाला रंग दिसतोय?" तिनं एक गोळी पदरानं पुसली आणि गिळली. मी डब्याला झाकण लावून तो फळीवर ठेवला. माझ्या अभ्यासाच्या पुस्तकांत रसायनशास्त्र नव्हतं.

"मग दोनच गोष्टी होऊ शकतात," डॉक्टर सांगत होते. "एक तर तुम्ही गोळ्या घेत नाही. नाहीतर हे औषध चालतच नाही. काहीही असलं तरी तुम्हाला आता यातून बाहेर काढावं लागेल. आणि तुम्ही एकट्या नाही. आणखी काही जणींचं असंच आहे. चित्र असंच राहिलं तर हे औषधच आम्हाला सोडून द्यावं लागेल." त्यांनी चष्मा काढला. "बारा वर्षं आहे मी याच्यामागे."

"बाहेर काढणार म्हणजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे पुन्हा जुन्या गोळ्या."

"त्या माझ्यावर चालत न्हाईत."

डॉक्टर फाइलमध्ये लिहायला लागले.

आई खुर्चीतून उठली. "माझ्या पोटच्या पोरीची शपथ," ती म्हणाली, "एक गोळी चुकली असंल तर तिला काय बी होऊ दे." शपथ घेताना आमच्याकडे ज्याची शपथ त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. तिचा उजवा हात सवयीनं उचलला गेला, माझ्या डोक्याच्या दिशेनं आला आणि मध्येच थांबला. मग ती स्वतःचा गळा चिमटीत धरून उभी राहिली.

"कुठं असते मुलगी?" तांबोळी मॅडमनी हळूच विचारलं.

"सांगलीला. दिली तिकडं."

एका वाक्यात तिनं माझं लग्न लावून दिलं. माझ्या शेजारी उभी राहून.

डॉक्टरांनी फाइल मिटली. तिला दोरी होती. ते दोरी बांधायला लागले, आणि मी म्हणाले, "सर, गोळ्या पापडखाराच्या डब्यात असतात."

"गप गं!" आई वळली. "हिला काय माहीत? शेजारची पोर. काय बी बोलतीय."

"तुम्हाला कसं माहीत?" डॉक्टरांनी मला विचारलं.

आई आता डॉक्टरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. इतक्या विनवणीनं तिनं त्या दिवशी डॉक्टरांकडेही बघितलं नव्हतं. खोलीचं दार उघडं होतं. बाहेर बाकावर अक्कांचा पदर दिसत होता.

"मी मावशींकडे फॉल लावायला जाते," मी म्हणाले. "त्यांच्या जावेला पापडखार पाहिजे होता, तेव्हा डबा मीच काढला. गोळ्या त्यात पुरून ठेवलेल्या होत्या."

"गोळी कशी दिसत होती?"

"पिवळी. चिकट. मावशी पदरानं पुसून घेतात आणि मग गिळतात. रोज घेतात, सर. चुकवत नाहीत. मी बघितलंय."

डॉक्टरांनी दोरी सोडून दिली. "पापडखार," ते तांबोळी मॅडमना म्हणाले. "अहो, सोड्याच्या जातीचा असतो तो. हवेतलं पाणी ओढून घेतो. हे औषध नुसत्या दमट हवेत टिकत नाही, म्हणून बाटलीत ती ओल शोषणारी बारकी पुडी घालतो आपण. आणि ह्यांनी ते ओल्या खारातच मुरत घातलं." ते आईकडे वळले. "बाई, तुम्ही रोज गोळी घेत होता, खरं आहे. तिच्यात औषध उरलेलं नव्हतं. ती पुडी काय केलीत?"

"टाकून देते. खाऊ नका असं लिवलंय तिच्यावर."

"पण बाटलीत काय अडचण होती?"

आईनं पदराचं टोक बोटावरून सोडलं. म्हणाली, "वाजती."

"काय?"

"बाटली वाजती. ट्रंकेत ठेवली तर ट्रंक हलली की खुळखुळती. आणि वरती नाव लिवलंय. माझ्याकडं बायका येतात, शिकल्यासवरल्या. त्यांच्या साड्या माझ्या हातात असतात. उद्या एकीनं वाचलं तर परवा एक साडी येणार न्हाई."

डॉक्टर आठल्ये तिच्याकडे बघत राहिले. मग ते हसले, पण ते हसणं तिच्यावर नव्हतं. "उंदरांवर झालं, सशांवर झालं," ते म्हणाले. "तापवून बघितलं, भिजवून बघितलं, गोठवून बघितलं. पण उंदराला जाऊ नसते हो."

तांबोळी मॅडम उठून दारात गेल्या. "ए बायांनो," त्यांनी हॉलकडे तोंड करून विचारलं, "गोळ्या कुठं ठेवता? देवाशपथ, कुणी रागावणार नाही."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग अक्कांचा आवाज आला, "मी सांगू? मिठाच्या बरणीत."

"अगं बाई, मीठ!"

"मग काय करू? सून रोज कपाट धुंडाळती. मिठात हात घालायला मात्र तिला कष्ट पडतात."

कुणी म्हणालं, गोठ्यात, पेंडीच्या पोत्यात. कुणी म्हणालं, तुळशीच्या कुंडीत, पिशवीत गुंडाळून. एक तरुण मुलगी सगळ्यांत शेवटी म्हणाली, "अंगाऱ्याच्या डबीत. देवापुढं." तिथं पहिल्यांदा बायका मोठ्यानं हसल्या. एकमेकींच्या मांडीवर थापा मारत, डोळे पुसत हसल्या. डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते आणि प्रत्येकीकडे बघून मान हलवत होते.

आई हसली नाही. ती माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसली होती.

तिला काढलं नाही. नव्या बाटल्या मिळाल्या. पण तिच्याबरोबर कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे, असं तांबोळी मॅडम म्हणाल्या, जे घरी जाऊन बाटली बघेल, पुडी आत आहे का बघेल. "घरातलं कुणीच नाही म्हणता. मग ह्या घेतील का जबाबदारी?"

"घेईन," मी म्हणाले.

"नातं काय लिहू?"

आता सांगता आलं असतं. खोलीत आम्ही तिघीच होतो, डॉक्टर बाहेर बायकांत होते, दारही तांबोळी मॅडमनी लोटून घेतलं होतं. त्यांनी पेन टेकवलं आणि वाट बघितली. कागदावरून नजर काढून एकदा आईच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"शेजारीण," आई म्हणाली.

त्यांनी लिहिलं.

परतीच्या एसटीत आई खुशीत होती. स्वारगेटला तिनं मला आग्रह करून उसाचा रस पाजला. सातारा जवळ आल्यावर म्हणाली, "फॉल लावायला जाते म्हणालीस. बरं सुचलं गं तुला. मला सुचलं नसतं."

"हं."

"शपथ लागायची न्हाई ना? गोळी चुकली न्हाई एक बी, तेवढं खरंच हाय."

"नाही लागायची."

"मग बरं." थोड्या वेळानं तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि झोपली. एसटीत कुणी ओळखीचं नव्हतं.

विट्याच्या लोकांनी पुढं मुलगी सावळी आहे म्हणून नकार कळवला.

त्यानंतरच्या वर्षी गोळ्या बाटलीतून येणं बंद झालं. चांदीच्या कागदाच्या पाकिटात येऊ लागल्या, एकेक वेगळी, वर नाव नाही, पित्ताच्या गोळीसारख्या दिसणाऱ्या. आईनं पहिलं पाकीट मशीनच्या खणात, बॉबिनांच्या शेजारी, उघड्यावर ठेवलं. तिच्या रक्तातला विषाणू उतरत उतरत इतका खाली गेला की तपासणीत सापडेना. अक्कांच्याही आणि त्या अंगाऱ्याच्या डबीवाल्या मुलीच्याही. त्या दिवशी डॉक्टर आठल्यांनी पेढे वाटले. मी तिथं वर्षानुवर्षं आईबरोबर जात राहिले, शेजारीण म्हणून. शेजारीण असणं सोपं होतं. मुलीला जे विचारवलं नसतं ते शेजारणीला विचारता यायचं. 'मावशी अजून किती जगतील?' हे मी एकदा सरळ विचारलं, आणि तांबोळी मॅडम म्हणाल्या, "तुमच्या-माझ्याइतक्या."

आई गेल्या महिन्यात गेली. सकाळी मशीनवर बसली होती, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. भेटायला येणारे विचारायचे, "कशानं गेल्या?" मी म्हणायचे, "हार्ट अटॅक." लगेच म्हणायचे, समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत. वडिलांच्या वेळी आम्ही दोघी उत्तर देण्याआधी एकमेकींकडे बघायचो. या वेळी खरं उत्तर सांगण्यासारखं होतं, आणि ते सांगताना प्रत्येक वेळी मला सुटल्यासारखं वाटायचं. चारचौघांत सांगता येईल अशा दुखण्यानं आई गेली, याचं सुख मला तिच्या दहाव्यालाही होत होतं. मग मी माणसांसमोरून उठून आत जायचे.

तेरावं झाल्यावर रत्नाकाकी स्वयंपाकघर आवरायला आली. ती फळीवरचे डबे उतरवत होती तेव्हा फोन वाजला. तांबोळी मॅडम होत्या. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती.

"संस्थेतून कळलं मला. मावशी गेल्या म्हणे."

"हो."

"त्रास झाला?"

"नाही. हार्ट अटॅक."

"अल्लाची मेहेरबानी," त्या म्हणाल्या, आणि मग घाईनं, "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"समजलं मला."

"त्यांची मुलगी सांगलीला असते ना? तिला कळवलंत?"

काकी पाठमोरी उभी होती. डबे एकमेकांवर आपटत होते.

"कळवलं," मी म्हणाले.

"आली होती?"

"होती. शेवटपर्यंत होती."

"मग तिला माझा एक निरोप द्याल? त्या दिवशी त्यांनी मुलीची शपथ घेतली, आणि मी विश्वास ठेवला नाही. आजवर इतक्या बायकांच्या शपथा ऐकल्या, तेवढी एक मनात राहिली. हात असा उचलला होता त्यांनी." त्यांचा आवाज बारीक झाला. "मुलीला म्हणावं, तुझ्या आईनं तुझी खोटी शपथ घेतली नव्हती. मला ते नंतर कळलं. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं."

"सांगते."

"नक्की सांगा."

"हो, मॅडम. सांगते."

मी फोन ठेवला. काकी वळली. तिच्या हातात पापडखाराचा डबा होता, झाकण उघडलेलं, आतला खार दगडासारखा.

"हे टाकून देऊ का? कधीचं हाय कुणास ठाऊक." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कुणाचा गं फोन?"

"मावशींच्या ओळखीच्या होत्या एक."

काकी डबा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"कुठल्या मावशींच्या?" तिनं विचारलं.